व्याजावरचे व्याज आणि आकाशातील लहरी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सव समितीने भाषणाचा विषय विचारला तेव्हा आम्ही ‘विश्वातील गुरुत्वीय लहरी आणि दुसऱ्या पायरीचे गणित’ असे एका कागदावर लिहून दिले. कार्यवाहांनी तो कागद दोनदा वाचला आणि मग मोठ्या अदबीने विचारले, “मास्तर, त्याऐवजी संतवाङ्मयावर काही बोलता येईल का?” त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. चाळीस वर्षे गणित शिकवल्यामुळे समोरच्याच्या चेहऱ्यावर धास्ती केव्हा उमटते हे आम्हांस चांगले कळते. तरीही विषय बदलला नाही, आणि त्याला कारण आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. संस्थेच्या शिष्यवृत्ती समितीत आम्ही होतो. एका मुलीचा अर्ज आला. बी.एस्सी. उत्तम गुणांनी झालेली, पुढे सापेक्षता आणि विश्वरचनाशास्त्र यांचे शुद्ध गणित शिकायचे म्हणत होती. अर्जाच्या कडेला आम्ही स्वतःच्या हाताने शेरा मारला: ‘विषय स्तुत्य, उपयोग संदिग्ध.’ गणिताच्या मास्तराने मारलेला हा शेरा! मुलाखतीला ती आली. समितीत निपाणीचे एक जुने तंबाखूचे व्यापारी होते. आज ते हयात नाहीत. त्यांनी तिला विचारले, “बाळ, हे तू नक्की काय शिकणार?” ती गडबडली, पण मग म्हणाली, “काका, सगळ्या वस्तूंना गुरुत्वाकर्षण असतं ना, तसं गुरुत्वाकर्षणालाही गुरुत्वाकर्षण असतं. त्यामुळं हिशोब सरळ सुटत नाही. एकेक पायरी करत सोडवावा लागतो.” म्हातारा क्षणभर गप्प राहिला आणि आमच्याकडे वळून म्हणाला, “म्हंजे व्याजावरचं व्याज की हो, मास्तर!”

आम्ही मान डोलावली, परंतु मनातून ओशाळलो. इतकी अचूक उपमा आम्हांस चाळीस वर्षांत सुचली नव्हती. मुलीला शिष्यवृत्ती मिळाली. आजचे भाषण त्या उपमेचेच आहे, आमचे त्यात थोडे.

तर व्याज. शंभर रुपये दरसाल दहा टक्क्यांनी दोन वर्षे ठेवले. सरळ व्याजाने १२० होतात, चक्रवाढीने १२१. तो वरचा एक रुपया म्हणजे व्याजावरचे व्याज. आता दर एक टक्का धरा. सरळ व्याजाने १०२, चक्रवाढीने १०२ रुपये आणि वर एक पैसा. दर दहावा हिस्सा झाला, पण व्याजावरचे व्याज शंभरावा हिस्सा झाले. म्हणून दर लहान असला की व्यवहारी मनुष्य म्हणतो, सोडा तो पैसा. गणिती लोकही तसेच म्हणतात. मूळ स्थिती सपाट, शांत धरायची. तिच्यात थोडासा क्षोभ झाला असे मानायचे. त्या क्षोभाचा सरळ व्याजासारखा हिशोब करायचा आणि क्षोभाने घडवलेला क्षोभ सोडून द्यायचा. याला रेषीय क्षोभ सिद्धान्त म्हणतात. तो सोडलेला पैसा जो पुन्हा हिशोबात घेतो, तो अरेषीय क्षोभाचा अभ्यास करतो.

पाण्याचे पाहा. बेळगावच्या कपिलेश्वर तलावात शांत वेळी दोन खडे टाकले तर दोन वर्तुळे पसरतात, एकमेकांतून जातात आणि जणू भेटलीच नाहीत अशी पुढे सरकतात. लहान लाटांची ही रीत. परंतु गोव्याच्या किनाऱ्यावर मोठी लाट येते तेव्हा तिचा माथा पायथ्याच्या पुढे धावतो, लाट वाकते आणि फुटते. तिथे सरळ हिशोब चालत नाही. आइन्स्टाइनने १९१५ मध्ये गुरुत्वाकर्षणाची जी समीकरणे मांडली ती या दुसऱ्या जातीची आहेत. वस्तुमान आणि ऊर्जा अवकाशाला वाकवतात, आणि त्या वाकण्यातही जणू ऊर्जा असल्याने तेच पुन्हा वाकण्याला कारण होते.

१९१६ मध्ये आइन्स्टाइनने सरळ व्याजाचा हिशोब करून दाखवले की अवकाशातच लहरी उठू शकतात. पण पुढची हकीकत मोठी मनोरंजक आहे. वीस वर्षांनी, १९३६ मध्ये, नाथन रोझेन यांच्याबरोबर पूर्ण समीकरणे सोडवताना खुद्द आइन्स्टाइनलाच वाटू लागले की या लहरी खऱ्या नाहीतच, त्या केवळ अपुऱ्या हिशोबाचा भास आहेत! नियतकालिकाने तो लेख परीक्षकाकडे पाठवला, परीक्षकाने चूक दाखवली, आइन्स्टाइन रागावले आणि लेख परत घेतला. पुढे चूक ध्यानी आल्यावर दुरुस्त लेख १९३७ मध्ये दुसरीकडे छापला. विद्यार्थ्यांना उत्तर चुकले की रडू येते. त्यांना आम्ही ही गोष्ट नेहमी सांगत आलो.

आता आपल्या भागाकडे येऊ. पुण्याहून निघालेला महामार्ग कोल्हापूर, निपाणी, बेळगाव करत बेंगळुरूला जातो. या विषयाची भारतातली दोन मोठी घरे याच रस्त्याच्या दोन टोकांना आहेत, आणि आपण मधोमध. शिवाय निपाणीपासून हाकेच्या अंतरावरचे कोल्हापूर. विष्णु वासुदेव नारळीकर यांचा जन्म तिथे १९०८ साली झाला. केंब्रिजहून परतल्यावर १९३२ मध्ये ते बनारस हिंदू विश्वविद्यालयात गेले आणि तिथे त्यांनी सापेक्षतेची शाळाच उभी केली. महायुद्धाच्या काळात प्रल्हाद चुनीलाल वैद्य नावाचे एक गुजराती तरुण शिक्षक पदरची पुंजी खर्चून, बायकामुलांसह त्यांच्याकडे शिकायला राहिले. १९४३ मध्ये त्यांनी प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याभोवतीचे अवकाश कसे असते याचे उत्तर काढले, आणि तेही पायरी-पायरीने नव्हे तर एकदम, पूर्ण. असे पूर्ण उत्तर फार थोड्या वेळा हाती लागते. एरवी सगळा कारभार पायऱ्यांचाच. त्यांचे सूत्र आजही जगभर ‘वैद्य’ या नावानेच चालते.

विष्णुपंतांचे चिरंजीव जयंतराव. १९३८ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले आणि २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तलेले. त्यांचे नाव ठाऊक नाही असे मराठी घर आपल्या भागात सापडणे कठीण. त्यांच्याविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगाविशी वाटते. विश्वाचा आरंभ महास्फोटाने झाला हे मत त्यांना अखेरपर्यंत पटले नाही. परंतु १९८८ मध्ये पुण्यात त्यांनी ‘आयुका’ ही संस्था उभी केली, आणि तिथली तरुण मंडळी महास्फोटाच्याच गणितावर आयुष्ये वेचत राहिली. संस्थापकाचे मत एक आणि संस्थेतले काम दुसरे, तरी दोन्ही सुखाने नांदली. संस्था चालवणाऱ्यांस याचे मोल अधिक कळेल.

आयुकात संजीव धुरंधर होते. साऱ्या जगात एकही गुरुत्वीय लहर कुणी पकडलेली नव्हती त्या काळात, १९९१ मध्ये, त्यांनी व सत्यप्रकाश यांनी ती गोंगाटातून कशी ओळखावी याचा विचार छापून टाकला. रीत अशी. आठवडी बाजारात शंभर आवाज असतात, पण पोराने हाक मारली की त्याच्या आईचेच डोके वळते, कारण तो आवाज तिच्या कानात आधीपासून बसलेला असतो. तसे लहरींचे हजारो नमुने आधी कागदावर तयार ठेवायचे आणि यंत्रातल्या खरखरीवर एकेक लावून पाहायचा. पण नमुना बरोबर हवा. दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत जवळ येतात तेव्हा त्यांच्या फेऱ्यांचा हिशोब अर्ध्या फेरीने जरी चुकला तरी नमुना जुळत नाही आणि समोरून गेलेली लहर निसटते. म्हणून सरळ व्याजाने भागत नाही. व्याजावरचे, त्यावरचे, त्याच्याही वरचे व्याज मोजावे लागते. ते मोजणाऱ्यांत महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला, बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत, बाला अय्यर होते. ब्लाँशे आणि दामूर या फ्रेंच गणितींबरोबर त्यांनी वर्षानुवर्षे या पायऱ्या चढल्या. आमच्या ओळखीच्या एका प्राध्यापकांनी असला एक लेख आम्हांस दाखवला होता. पानेच्या पाने एकाच समीकरणाची. आम्ही चहा घेतला आणि परत दिला.

बेंगळुरूचेच दुसरे गृहस्थ सी. व्ही. विश्वेश्वरा. १९७० मध्ये त्यांनी गणिताने दाखवले की कृष्णविवराला धक्का दिला तर ते ठोकलेल्या घंटेसारखे नाद काढते आणि तो नाद लवकरच विरतो. देवळातल्या घंटेच्या नादावरून ती पितळी की लोखंडी, लहान की मोठी हे जसे कळते, तसे त्या नादावरून विवराचे वजन आणि फिरणे कळते. पुढे बेंगळुरूचे नेहरू तारांगण त्यांनीच नावारूपाला आणले. विश्वेश्वरांचा हिशोब पहिल्या पायरीचा होता. २०२३ मध्ये दोन संशोधक गटांनी गणकयंत्रावर दाखवले की नादाने उठवलेला नाद, म्हणजे दुसरी पायरी, त्यात स्पष्ट असते आणि ती सोडून चालत नाही.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन ‘लायगो’ यंत्रांत ती लहर आली. चार किलोमीटर लांबीच्या बाहूंची लांबी प्रोटॉनच्या सुमारे हजाराव्या हिश्शाइतकी बदलली. सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वजनाची दोन कृष्णविवरे १३० कोटी वर्षांपूर्वी एक झाली होती आणि तीन सूर्यांइतके वजन निव्वळ लहरींत उधळले गेले होते. सारा प्रकार सेकंदाच्या पाचव्या हिश्शात आटोपला. जाहीर झाले ११ फेब्रुवारी २०१६ रोजी. असेच यंत्र आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथाजवळ व्हायचे आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले.

इथपर्यंत ताऱ्यांची कथा झाली. आता साऱ्या विश्वाची, आणि इथेच म्हाताऱ्याची उपमा खरी कामाला येते.

विश्व तीन लाख ऐंशी हजार वर्षांचे असताना निघालेला प्रकाश आजही आकाशाच्या सर्व बाजूंनी येतो. १९९२ मध्ये ‘कोबे’ उपग्रहाने दाखवले की त्याच्या तपमानात लाखात एक इतका फरक आहे. म्हणजे लाख रुपयांवर एक रुपया व्याज! एवढ्या लहान क्षोभातून पुढे दीर्घिका झाल्या, तारे झाले, आपण झालो. १९४६ मध्ये रशियाच्या लिफ्शिट्झ यांनी पसरत्या विश्वातील क्षोभांचा सरळ हिशोब मांडला. त्यातून एक सोयीची गोष्ट निघाली: पदार्थाच्या दाट-विरळपणाचा क्षोभ आणि गुरुत्वीय लहरी यांची खाती निराळी. एकाचे देणे-घेणे दुसऱ्याच्या वहीत येत नाही.

१९६७ मध्ये जपानचे केंजी तोमिता यांनी दुसरी पायरी हिशोबात घेतली, आणि दोन खात्यांमधली भिंत पडली. दाट-विरळपणाला दाट-विरळपणाने गुणले की त्यातून गुरुत्वीय लहरी जन्मतात. पण लाख रुपयांवर एक रुपया व्याज असेल तर व्याजावरचे व्याज किती? पैशाचा हजारावा हिस्सा. म्हणून बरीच वर्षे या लहरींची फारशी कुणी दखल घेतली नाही.

त्यापेक्षा सरळ लहरींकडे लोकांचे लक्ष होते. विश्वाच्या पहिल्या क्षणी अवकाश अचानक फुगले असेल तर त्यातून थेट लहरी निघाल्या असाव्यात. अशा अवशिष्ट लहरींत आज किती ऊर्जा उरली असेल याचा हिशोब १९९० मध्ये वरुण साहनी यांनी मांडला. ते पुढे आयुकात आले. १९९५ मध्ये पीटर कोल्स यांच्याबरोबर त्यांनी दुसराही मोठा लेख लिहिला: क्षोभ वाढत वाढत मुद्दलाएवढा झाला, पदार्थ गोळा होऊन दीर्घिका बनू लागल्या, की पायऱ्यांचे गणित कोलमडते, मग काय काय उपाय करावेत याचा त्यात धांडोळा आहे. एकाच माणसाच्या टेबलावर हे दोन्ही विषय शेजारी शेजारी होते.

या सरळ लहरींच्या बाबतीत आमची एक फजिती सांगतो. १७ मार्च २०१४ रोजी दक्षिण ध्रुवावरील ‘बायसेप’ दुर्बिणीच्या मंडळींनी जाहीर केले की त्या प्राचीन प्रकाशात आद्य लहरींचा ठसा सापडला. आम्ही दुसऱ्याच दिवशी एका शाळेत जाऊन फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘सापडल्या!’ असे लिहिले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. वर्षभरात ‘प्लांक’ उपग्रहाच्या निरीक्षणांशी ताडून पाहिल्यावर कळले की ठसा बहुतांशी आपल्याच आकाशगंगेतील धुळीचा होता. आम्ही त्याच शाळेत पुन्हा गेलो आणि त्याच फळ्यावर तेही लिहिले. टाळ्या पडल्या नाहीत, पण एका मुलाने विचारले, “सर, मग धूळ आधी का मोजली नाही?” प्रश्न लाख मोलाचा होता.

धूळ आधी मोजण्याचे काम पुणे जिल्ह्यात चालू आहे. नारायणगावाजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या, त्यांतल्या १४ मधोमध आणि १६ तीन दिशांना पसरलेल्या. थाळ्या पत्र्याच्या नाहीत, पोलादी तारांच्या जाळीच्या आहेत. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्चही कमी. या दुर्बिणीने भारत व जपान येथील शास्त्रज्ञ स्पंदक नावाचे मृत तारे ऐकतात. ते सेकंदाला शेकडो वेळा गरगरतात आणि त्यांचे ठोके घड्याळासारखे येतात. पृथ्वी आणि स्पंदक यांच्यामधून प्रचंड लांबीची गुरुत्वीय लहर गेली तर ठोका सेकंदाच्या दशलक्षांश भागाहूनही कमी, पण नेमक्या रीतीने पुढे-मागे होतो. ही लहर लायगोतल्या लहरीसारखी निमिषात संपत नाही. तिची एकेक वरखाली व्हायला वर्षे लागतात, म्हणून ठोक्यांच्या वह्या वर्षानुवर्षे ठेवाव्या लागतात.

अडचण अशी की वाटेत इलेक्ट्रॉनांचे विरळ ढग आहेत आणि तेही ठोक्याला उशीर करतात. हा उशीर कमी कंप्रतेच्या रेडिओ लहरींना जास्त होतो. खोडदची दुर्बीण नेमकी कमी कंप्रतेवर बलवान. एकाच वेळी वरच्या आणि खालच्या कंप्रतेवर ऐकून ती ढगांचा उशीर मोजते आणि वजा करते. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर खोडदला रोज लिहिले जाते आहे.

२९ जून २०२३ रोजी युरोपच्या आणि आपल्या मंडळींनी मिळून २५ स्पंदकांच्या वह्या जाहीर केल्या. त्याच दिवशी अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीन येथील गटांनीही आपापल्या. आकाशातल्या कोणत्याही दोन स्पंदकांमध्ये किती अंशांचे अंतर आहे त्यावरून त्यांच्या ठोक्यांचे मागेपुढे होणे एकमेकांशी किती जुळावे, हे हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी १९८३ मध्येच सांगून ठेवले होते. ती जुळणी या वह्यांत दिसू लागली. ‘सापडल्या’ असे त्यांनी म्हटले नाही, ‘पुरावा मिळतो आहे’ इतकेच म्हटले. धुळीने सर्वांनाच शहाणे केले आहे.

आणि त्या लहरी आल्या कोठून? बहुतेकांचा कौल असा की दीर्घिकांच्या मध्यभागी असलेल्या, सूर्याच्या कोट्यवधी पट वजनाच्या कृष्णविवरांच्या जोड्यांतून. परंतु उमेदवारांच्या यादीत आणखी एक नाव आहे: तोमितांची दुसऱ्या पायरीची लहर! कोबेने मोजलेला लाखात एक हा दर विश्वाच्या फार मोठ्या तुकड्यांचा. लहान लहान तुकड्यांत दर तोच होता असे कुणी पाहिलेले नाही. तिथे तो शंभरात एक किंवा दहात एक असेल तर व्याजावरचे व्याज पैशाच्या हजाराव्या हिश्शाचे राहत नाही. ते रुपयांत मोजावे लागते. इतकेच नव्हे, दर तेवढा मोठा असेल तर काही ठिकाणी पदार्थ कोसळून आरंभीच कृष्णविवरे बनली असतील. खोडदच्या वह्या वर्षागणिक लांबत जातील तसा या दोन उमेदवारांतला निवाडा होण्याची आशा आहे. आज तो झालेला नाही.

आता घरची गोष्ट. येत्या वार्षिक सभेपुढे असा ठराव आहे की शिष्यवृत्ती यापुढे नोकरी देणाऱ्या शिक्षणापुरतीच ठेवावी. ठराव मांडणारे आमचे स्नेही आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. निधी मर्यादित, आणि गरजू घरातल्या मुलाने आधी पोटाचे पाहावे हे आम्ही नाकारत नाही. त्या मुलीचे उदाहरण देऊन ठराव पाडावा असाही आमचा बेत नाही, कारण ती पुढे या विषयात राहिली नाही. ती आज एका महाविद्यालयात गणित शिकवते. सभेत आम्ही ठरावाविरुद्ध हात वर करणार आहोत, एवढे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे त्या दिवशी कुणाला आश्चर्य वाटायला नको. आमचा जुना शेरा असलेला तो अर्ज दप्तरात आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी कार्यवाहांकडे मागावा.

राहिली एक सूचना. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, २८ फेब्रुवारीला, खोडद येथे विज्ञान प्रदर्शन भरते आणि दुर्बीण सर्वांना पाहता येते. महोत्सव समितीने त्या वेळी मुलांची सहल काढण्याचे ठरवले आहे. बस निपाणीहून निघेल. बेळगावच्या मंडळींनी आदल्या रात्रीच निपाणीत मुक्कामाला यावे, उतरण्याची सोय होईल. नावे या महिनाअखेरपर्यंत द्यावीत. दुर्बिणीजवळ मोबाइल बंद ठेवावे लागतात, कारण आपला एक फोनदेखील तिच्या कानात मोठ्याने ओरडतो. तेव्हा दिवसभर फोन लागला नाही तरी आयांनी काळजी करू नये.